एका कागदावर दोघं

३ जुलै, बुधवार

कॅमेरा घेतला. जुना, रोलवाला. चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात एक इस्त्री आणि एक बिनझाकणाची किटली यांच्या मधे धूळ खात पडला होता. लेन्सभोवती माशीच्या डोळ्यासारखी खडबडीत काच आहे. बॅटरी लागत नाही, उजेडावर चालतो. हातात घेतल्या घेतल्या कळलं की हा आपला.

त्या दुकानात दर बुधवारी ग्वेन्डा मावशी बिनपगारी बसते. मी तिचा सख्खा भाचा. तिच्याच कॅरव्हान पार्कात, म्हणजे सुट्टीवाल्यांच्या चाकांवरच्या घरांच्या तळावर, राहतो, तिथले संडास आणि मासे साफ करायचं टेबल धुतो. तरी किमतीत काही सोडलं नाही. धर्माचं काम आहे म्हणाली. वर म्हणाली, आधी ते लाटांवरचं फळकूट, मग गिटार, आता हे. खोलीत झोपायला जागा उरली आहे का रे तुला? मी म्हटलं, मावशी, या वेळी गोष्ट वेगळी आहे. म्हणाली, गिटारच्या वेळीही अगदी असाच चेहरा केला होतास. मग जरा वरमली आणि म्हणाली, घे बाबा, चांगला आहे, यात जास्त मावतात म्हणे.

गोष्ट काय वेगळी आहे ते इथेच लिहितो, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. टेगन रॉड्डा. मिस्टर ओपींच्या औषधाच्या दुकानात ती काउंटरवर असते. आणि गावात रोल धुवायला द्यायची सोय फक्त त्याच काउंटरवर आहे. रोल गुरुवारी अ‍ॅडलेडला जातो, पुढच्या गुरुवारी फोटो येतात. म्हणजे एका रोलमागे दोन भेटी, त्याही हक्काच्या. आतापर्यंत खोकल्याच्या औषधावर भागवत होतो. कपाटात इतक्या बाटल्या झाल्या आहेत की मावशीला वाटतं माझ्या छातीत काहीतरी आहे. आहेच, पण ते वेगळं.

निश्चय: ५ ऑक्टोबरला गावचा शो. दिवसभर गुरं, केक, लोकर, भाज्या यांचं प्रदर्शन आणि रात्री हॉलमध्ये नाच. त्या नाचाला टेगनला घेऊन जायचं. तीन महिने आहेत. माझ्यासारख्याला भरपूर.

४ जुलै, गुरुवार

रोल आणला. छत्तीस फोटोंचा. टेगनने विचारलं, खोकला कसा आहे? मी म्हटलं, गेला. म्हणाली, बरं झालं बाई, मिस्टर ओपी म्हणत होते या मुलाला एकदा अ‍ॅडलेडला नेऊन दाखवा. मग म्हणाली, रोलचा कॅमेरा? हल्ली कोण वापरतं? मी म्हटलं, ज्यांना फोटोग्राफी कळते ते.

वाक्य चांगलं जमलं. संडास धुताना परत परत म्हणून पाहिलं. तिथे घुमतं छान.

बेत: आठवड्याला एक रोल.

६ जुलै, शनिवार

मैदानावर गेलो. शनिवारी अख्खं गाव तिथेच असतं. मोठ्या मैदानावर फुटबॉल, त्याला लागून मुलींचं नेटबॉल, भोवताली गाड्या नाकं आत करून उभ्या. गोल झाला की सगळे मिळून हॉर्न वाजवतात. टेगन नेटबॉलमध्ये मधल्या जागी खेळते, म्हणजे सारखी पळते.

कॅमेऱ्याने नकार दिला. बटण दाबलं की बघायच्या खिडकीत खालून एक लाल जीभ वर येते आणि बटण अडतं. इथे जुलै म्हणजे हिवाळा, ढग होते, आणि उजेड कमी असला की तो असं करतो हे मागून कळलं. नाही म्हणायचं तर म्हण, पण जीभ काय दाखवायची? मला लहानपणापासून कोणी जीभ दाखवलेली खपत नाही. गाडीच्या टपावर आपटणार होतो, पण टप मावशीचा होता.

नेटबॉलच्या कुंपणाशी मिच नॅन्किव्हेल घडीच्या खुर्चीत बसला होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून. आमच्या फुटबॉल टीमचा गोल मारणारा. गुडघा दुखावला म्हणून सध्या बाहेर आहे. टीम तिकडे खेळते आहे आणि हा इकडे तोंड करून बसलाय. म्हणाला, काय गड्या, आजोबांचा कॅमेरा का? मी उत्तर दिलं नाही. त्याला कळलंच नाही की मी उत्तर दिलेलं नाही. म्हणाला, छान आहे, छान आहे.

८ जुलै, सोमवार

विचार केला. नुसते टेगनचेच फोटो काढले तर बोभाटा होईल. शिवाय पाकीट आलं की टेगनच उघडते, दुसऱ्याचं दुसऱ्याला जाऊ नये म्हणून एकेक फोटो काउंटरवर मांडून दाखवते. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत आपणच, असं बघून कोणतीही मुलगी बिथरेल.

तेव्हा पद्धत ठरवली. एक फोटो टेगनचा, पुढचा बिनमहत्त्वाचा. पुन्हा टेगन, पुन्हा बिनमहत्त्वाचा. बघणाऱ्याला वाटावं, हा मनुष्य एकूण शनिवारचं चित्रण करतो आहे. इंजिनिअरिंगला असतो तर असा विचार करायला फुरसत मिळाली नसती.

(इंजिनिअरिंग मधेच सोडलं त्यामागे तत्त्व होतं. सरांनी माझ्या पुलाच्या आराखड्यावर लाल शाईने लिहिलं, घाई करतोस. मी त्याच क्षणी वर्गातून उठलो आणि गावची बस धरली. सामान वसतिगृहात राहिल्याचं अर्ध्या वाटेत आठवलं.)

१३ जुलै, शनिवार

ऊन. कॅमेरा मुकाट्याने चालला.

पद्धत उत्तम. दर वेळी नवं बिनमहत्त्वाचं काही शोधत बसायला नको म्हणून मिचवरच भागवलं. तो माझ्या उजव्या खांद्यामागे असतो आणि हलत नाही. टेगन, वळायचं, मिच, वळायचं, टेगन. मानेलाही व्यायाम.

मोठी बातमी: टेगन माझ्याकडे बघत होती. खेळ थांबला की दर वेळी. अगदी नेमकी माझ्याकडे नव्हे, जराशी उजवीकडे, खांद्याच्या वरून. पण इतकं पळल्यावर कोणाचीही नजर स्थिर व्हायला वेळ लागतोच. मिचला मात्र फोटो काढून घ्यायचं साधं वळण नाही. माझ्यापलीकडे कोर्टाकडेच बघत राहतो. दोनदा सांगितलं, अरे, इकडे बघ. हो हो राव, म्हणाला, आणि पुन्हा तिकडेच.

१४ जुलै, रविवार

छत्तीस झाले तरी रोल संपत नाही. सदतीस. अडतीस. चाक फिरतंच आहे. म्हणजे आत रोल पुढे सरकलेलाच नाही. टेगन माझ्याकडे बघत होती त्याचा पुरावा गेला.

कॅमेरा उशीवर आपटला. उशी मुद्दाम निवडली. रागावर आता माझा पूर्ण ताबा आहे. मावशीला भिंतीपलीकडून ऐकू गेलं. म्हणाली, गिटार निदान वाजत तरी होती.

१५ जुलै, सोमवार

तक्रार घेऊन काउंटरवर गेलो. टेगनने कॅमेरा उलटासुलटा केला, डोळ्याला लावला आणि हसायला लागली. म्हणाली, अरे, हा अर्ध्या चौकटीचा आहे. एका फोटोच्या जागेत दोन काढतो. छत्तीसच्या रोलवर बहात्तर निघतात. माझ्या आजीकडे होता असा. खिडकीतून सगळं उभं दिसतं ते तुला विचित्र नाही का वाटलं?

मी म्हटलं, मला माहीत होतं.

मग आलास कशाला, म्हणाली.

मी म्हटलं, तुला माहीत आहे का ते बघायला.

खोकल्याची एक बाटली घेऊन परत आलो.

घरी आल्यावर डोक्यात उजेड पडला. बहात्तर फोटो म्हणजे भेटी निम्म्या. 'जास्त मावतात' हे मावशीने कौतुकाने सांगितलं होतं. जगातला सगळ्यात काटकसरी कॅमेरा नेमका माझ्या गळ्यात.

१८ जुलै, गुरुवार

रोल संपवण्याच्या मागे लागलो आहे. मासे साफ करायचं टेबल. टेबलावरचा मासा. पुरुषांचा संडास, बाहेरून. धान्याची कोठारं, त्यांच्यावर बसलेले सगळे पक्षी. मावशीचा पाय. (ती म्हणाली, मेल्या, काढतोच आहेस तर सूज आलेला काढ, डॉक्टरला दाखवता येईल.)

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. दुपारी जेट्टीच्या टोकाला एका पेलिकन पक्ष्यासमोर बसलो होतो. चाक अंगठ्याने फिरवलं की दात मोजल्यासारखा बारीक कर्र आवाज येतो, मग बटण, मग टिक. इतकंच. लगेच काही दिसत नाही, त्यामुळे रागवायला काही नसतं. पेलिकन जांभई देईल म्हणून थांबलो. तो देईना. मी थांबलो. शेवटी दिली. माझ्याच्याने इतका वेळ याआधी कशासाठीही थांबवलं नव्हतं. मावशीला सांगितलं तर म्हणाली, आणि मधल्या वेळात संडास कोण धुणार होतं, पेलिकन?

२५ जुलै, गुरुवार

गेल्या शनिवारी पद्धतीप्रमाणे उरलेला रोल संपवला आणि आज काउंटरवर दिला. टेगनने पाकिटावर माझं नाव लिहिलं. डेन्झिल पेन्गली. तिचं अक्षर गोल आहे. नावाखाली रेघ ओढली. सगळ्यांच्या नावाखाली ओढते का, हे बघायला हवं.

१ ऑगस्ट, गुरुवार

फोटो आले. तळपायाची आग मस्तकात गेली.

लॅबवाल्यांनी दोन-दोन फोटो एकाच कागदावर छापले आहेत. शेजारी शेजारी, मधे काळी रेघ. मासा आणि संडास. मावशीची सूज आणि पेलिकनची जांभई. आणि बाकी सगळीकडे टेगन आणि मिच, टेगन आणि मिच, टेगन आणि मिच. मी काउंटरवर मूठ आपटली. मिस्टर ओपी आतून म्हणाले, काय हो, पुन्हा खोकला का? टेगन म्हणाली, अरे, असंच छापतात, अर्ध्या चौकटीचे दोन मिळून एक कागद.

ती एकेक मांडत होती. पेलिकनला हसली. मग एका कागदावर थांबली. डावीकडे ती स्वतः, कमरेवर हात, धापा टाकते आहे आणि उजवीकडे बघते आहे. उजवीकडे मिच, गुडघ्यावर बर्फ, आणि डावीकडे बघतो आहे. बराच वेळ तिने तो हातात धरला. कानापर्यंत लाल झाली.

मग म्हणाली, मिच नेहमी असाच बसतो?

मी सांगितलं, गुडघा दुखावलाय ना.

तसं नाही रे, म्हणाली. असा. असं बघत.

मी म्हटलं, हो, अगदी असाच ठोंब्यासारखा.

मला उरलेले सुटे पैसे द्यायलाही विसरली.

माझा फोटो बघून माणूस लाल होतो. याला हातात कला लागते.

निश्चय: लॅबला कडक पत्र.

३ ऑगस्ट, शनिवार

खेळ सुरू व्हायच्या आधी टेगन आपण होऊन कुंपणापाशी आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, डेन्झिल, आज पण काढणार ना? मी म्हटलं, बघू. म्हणाली, बघू नको, काढ. आणि त्या दिवशी उभा होतास तिथेच उभा राहा हं, हलू नकोस.

मी हललो नाही. शेजारच्या माणसाने विचारलं, पायाला मुंग्या आल्यात का?

मिच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खुर्चीत बसायला.

१० ऑगस्ट, शनिवार

लॅबचं उत्तर आलं. तीन ओळी. हा दोष नसून पद्धत आहे. आपल्या पत्रातील भाषेबद्दल आम्ही काही म्हणू इच्छित नाही.

मैदानावर मिच लंगडत आला. (एका पायाने लंगडत आला आणि दुसऱ्याने लंगडत गेला. सुस्त माणसाला तेही धड जमत नाही.) म्हणाला, राव, ते फोटो दाखव की. खिशातले दाखवले. टेगनवाला कागद त्याने दोन्ही हातांनी धरला, जसं लोक नवजात बाळ धरतात. म्हणाला, गड्या, यात ती माझ्याकडे बघते आहे असं वाटतं, नाही?

मी म्हटलं, छपाईचा दोष आहे.

खरंच?

शंभर टक्के. लॅबशी माझा पत्रव्यवहार चालू आहे.

बिचारा हिरमुसला. खुर्चीत जाऊन बसला आणि बर्फाची पिशवी भलत्याच गुडघ्यावर ठेवली. मला जरा वाईट वाटलं, पण माणसाने उगीच काहीतरी समजून घेऊ नये. वेळीच सांगितलेलं बरं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

दुसरा रोल आला. सुवर्णाक्षरांनी लिहावा असा दिवस.

टेगनने एक फोटो मागितला. स्वतःसाठी. म्हणाली, तुला चालणार असेल तर. चालणार असेल तर. माझ्या हातचा फोटो तिच्या घरात राहणार. तिने निवडला तोही पहिल्याच रोलमधला, कमरेवर हात ठेवलेला. मी म्हटलं, थांब, कात्री दे, मधल्या रेघेवर कापून मिचचा अर्धा भाग काढून टाकतो.

नको, म्हणाली. जवळजवळ ओरडलीच. मग हळू आवाजात म्हणाली, कापल्यावर फोटो बिघडतो रे.

किती बारीक दृष्टी. माझ्या कामाचा एक कोपराही तिला वाया जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी मिचला सहन करायला तयार झाली.

२५ ऑगस्ट, रविवार

मावशीला सगळे फोटो दाखवले. चष्मा लावून बघितले, मग चष्मा पुसून पुन्हा बघितले. म्हणाली, डेन्झिल, हा फोटो कोणाचा आहे असं तुला वाटतं? मी म्हटलं, टेगनचा. म्हणाली, आणि हा? मी म्हटलं, तोही टेगनचा. म्हणाली, बरं बाबा.

रात्री जेवायला तिने खिम्याची पेस्टी, मोठ्या करंजीसारखी, केली आणि कोपऱ्यावर कणकेने माझ्या नावाचं अक्षर काढलं. ते ती फक्त माझ्या वाढदिवसाला किंवा मी आजारी असलो तर काढते. मी बरा आहे. वाढदिवस मार्चमध्ये असतो. दुसरी पेस्टीही न मागता वाढली. संशयास्पद.

९ सप्टेंबर, सोमवार

शोच्या फोटो स्पर्धेची नावं द्यायचा शेवटचा दिवस. योजना पूर्ण तयार: निळी फीत, म्हणजे पहिला नंबर, मिळवायचा, टेगन मंडपात फोटो बघायला येणार, फितीखाली उभं राहून तिला नाचाचं विचारायचं. अशा वेळी कोणी नाही म्हणत नाही.

टेगनला आवडला तोच फोटो देणार. तिला देताना काढून घेतलेली जादा प्रत पुठ्ठ्यावर चिकटवत होतो तर मावशी मधे उभी राहिली. म्हणाली, पेलिकन दे. मी म्हटलं, पेलिकन का? म्हणाली, पेलिकन सुंदर आहे, जांभई देतोय, सगळे हसतील, मजेत होईल सगळं. हा नको देऊस, शहाण्या, ऐक माझं. कारण विचारलं तर कारण सांगेना. नुसतं, ऐक, ऐक.

कारण न देता नाही म्हटलेलं मला सहन होत नाही. माझ्याकडे बघून कोणी 'ऐक' म्हटलं की डोक्यात जातं. सायकल काढली आणि तशीच डिंक ओला असताना तोच फोटो देऊन आलो. नाव दिलं 'शनिवार दुपार'.

तिच्या तोंडावर दार आपटून गेलो होतो. परत आलो तेव्हा माझ्या वाटणीचे संडास तिनेच धुतले होते. एवढा उमाळा कशाचा, कळत नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

मोसम संपला. आपली फुटबॉल टीम हरली. मिच खेळला असता तर जिंकली असती असं सगळे म्हणतात. तो म्हणाला, काय करणार राव, गुडघा.

पेलिकनसमोर सराव केला. टेगन, आज संध्याकाळी नाचाला माझ्याबरोबर येशील का? साधं, सरळ. पहिल्या वेळी पेलिकन उडाला. नंतर थांबला.

शर्टाला इस्त्री केली. इस्त्री चर्चच्या त्याच दुकानातली, कॅमेऱ्याच्या शेजारची. मावशीने आपण होऊन आणून दिली आणि पैसे मागितले नाहीत.

५ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी आठ

आज. ऊन आहे. कॅमेऱ्यात रोलच्या शेवटाकडचे मोजके फोटो उरलेत, त्यातला एक, टेगन फितीखाली उभी असतानाचा, काढायचा आहे. मावशी स्कोनच्या, म्हणजे चहाबरोबरच्या छोट्या पावांच्या, स्पर्धेची परीक्षक म्हणून पहाटेच गेली. जाताना म्हणाली, काही झालं तर मी केकच्या टेबलामागे आहे. काय होणार आहे?

५ ऑक्टोबर, संध्याकाळी सहा. मावशीच्या गाडीत बसून.

निळी फीत मिळाली. पहिला नंबर.

पुढचं क्रमाने लिहितो म्हणजे नंतर कोणी काही वेगळं सांगायला नको.

फोटोखाली परीक्षकबाईंनी चिठ्ठी लावली होती. बाई अ‍ॅडलेडच्या, गावात कोणाला ओळखत नाहीत. चिठ्ठीत असं: दोघांमधली ओढ एका शब्दाशिवाय पकडली आहे. फोटोग्राफरने स्वतःला पूर्णपणे बाजूला ठेवलं, हे विशेष.

मी दोनदा वाचलं. माझ्यामागे गर्दी जमली होती. कोणीतरी म्हणालं, अगं बाई, हा तर नॅन्किव्हेलचा मुलगा, बघ कसा बघतोय. दुसरं कोणी म्हणालं, तीही काही कमी नाही. मी वळून सांगणार होतो की छपाई, तेवढ्यात डाव्या बाजूने टेगन आली आणि उजव्या बाजूने मिच आला. लंगडत नव्हता. दोघांनी चिठ्ठी वाचली. मधे मी.

मिच म्हणाला, डेन्झिल तर म्हणाला होता की छपाईचा दोष आहे.

टेगन म्हणाली, तू विचारलंस त्याला? कधी?

ऑगस्टमध्ये.

मीही विचारलं, ती म्हणाली. ऑगस्टमध्येच.

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. थेट. खांद्याच्या वरून नाही, उजवीकडे नाही, डावीकडे नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा दोघंही सरळ लेन्सकडे बघत होते आणि कॅमेरा माझ्या गळ्यात होता, पण काढायचं सुचलं नाही.

मिचने तिला नाचाचं विचारलं. माझंच वाक्य, शब्दाला शब्द. सरावही न करता. ती म्हणाली, आणि गुडघा? तो म्हणाला, तो जुलैतच बरा झाला. ती म्हणाली, अरे, मग तीन महिने थंडीत बर्फ लावून बसलास? तो म्हणाला, हो. इतकंच म्हणाला, हो. मला राग यायला हवा होता. जेट्टीवर मी पेलिकनसाठी किती वेळ बसलो होतो ते आठवत राहिलं.

निघताना टेगन परत फिरली. म्हणाली, डेन्झिल, तुझा एकही फोटो नाही रे कुठे, दे इकडे. गळ्यातून कॅमेरा काढून घेतला, मला फितीखाली उभं केलं, म्हणाली, हस ना. टिक. मग चाक फिरवायला गेली तर फिरेना. म्हणाली, संपला वाटतं.

केकच्या टेबलामागे मावशी होती.

६ ऑक्टोबर, रविवार

काल नाचाला गेलो. मावशीबरोबर. पायाची सूज नुकतीच उतरलेली असताना दोन वेळा नाचली. मधे मी म्हटलं, मावशी, तुला माहीत होतं. म्हणाली, पाय बघून टाक.

आज सकाळी निश्चय केला की कॅमेरा समुद्रात टाकायचा. जेट्टीच्या टोकाला गेलो, हात उगारला. खेकडे धरायला बसलेला एक म्हातारा म्हणाला, ए बाबा, जे काय टाकायचं ते पलीकडच्या बाजूला टाक, इकडे माझी जाळी आहे. पलीकडच्या बाजूला पेलिकन होता. रोल आत होता. परत आलो.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

फोटो आणायला गेलो. टेगन होती. खुशीत होती. पाकिटावर माझं नाव आणि खाली रेघ. बाकीची पाकिटंही तिच्या हाताखाली होती. सगळ्यांच्या नावाखाली रेघ आहे.

एकेक कागद मांडला. पेलिकन आणि पेलिकन. मावशीची सूज, उतरलेली, आणि स्कोन. शेवटचा कागद तिने जरा थांबून ठेवला. डावीकडे मी. निळी फीत, इस्त्रीचा शर्ट. फोटो नीट आला आहे. तिचा हात स्थिर आहे. मी सरळ लेन्सकडे बघतो आहे.

उजवीकडचा अर्धा भाग काळा. नुसता काळा.

ती म्हणाली, अरेरे, इथे काहीच नाही आलं. काय यायचं होतं इथे?

मी म्हटलं, रोल संपला होता.

कापून देऊ का, म्हणाली. कात्री काढलीही. मी म्हटलं, नको, कापल्यावर फोटो बिघडतो.

तिने कात्री ठेवून दिली. पुढचं गिऱ्हाईक मागे उभं होतं. ती म्हणाली, आणखी काही?

खोकल्याची एक बाटली घेतली.